एका चावीवर सात घरं

शहाण्या लोकांच्या घरी हॉलच्या भिंतीवर जिथं घड्याळ असतं, तिथं आमच्याकडे एक पडदा आहे. पडदा म्हणजे कापडाचा नव्हे. लेकीचा जुना, बॅटरी मेलेला टॅब लाकडी चौकटीत बसवलेला. त्याच्या मागून एक वायर खाली उतरते आणि चपलांच्या रॅकवर ठेवलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरमध्ये शिरते. त्या डबीत घर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, असं लेक म्हणते. घर कोण चालवतं ते मला चांगलं माहीत आहे, असं बायको म्हणते. मी दोघींनाही हो म्हणतो. माझं घर त्यावर चालतं.

लेक जर्मनीत नोकरीला. मागच्या सुट्टीत परभणीला आली तेव्हा तिनं हे बसवून दिलं आणि मला समोर बसवून समजावलं. पडद्याचं काम एकच, फोटो दाखवायचे. पण फोटो पडद्यात नसतात. ते इंटरनेटवर एका कंपनीच्या कपाटात असतात. पडद्याला फोटो हवा झाला की तो कंपनीकडे अर्ज करतो. अर्ज ज्या खिडकीतून जातो तिला एपीआय म्हणायचं. खिडकीवर चावी दाखवावी लागते. चावी म्हणजे चाळीसेक अक्षरं आणि आकडे, कुणी डोळे मिटून टाइप केल्यासारखे. चावी ओळखीची निघाली की फोटो मिळतो. एक अर्ज, एक फोटो. आणि दिवसाला दहा हजार अर्ज. तेवढे संपले की कंपनी म्हणते, आज बंद, उद्या या.

"कळलं का, बाबा?" तिनं विचारलं.

न कळायला काय झालं? तीस वर्षं मी सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसतोय. 'आज बंद, उद्या या' हे मी कॉम्प्युटर यायच्या आधीपासून म्हणत आलोय. फरक एवढाच की कंपनी मर्यादा संपल्यावर म्हणते. मी अकरा वाजताच म्हणतो, त्यामुळे मर्यादा संपायचा प्रश्नच येत नाही.

कंपनीचा 'उद्या' मात्र विचित्र वेळी उजाडतो. कंपनी अमेरिकेची, त्यामुळे दिवस त्यांच्या मध्यरात्री बदलतो, आणि त्यांच्या मध्यरात्री आमच्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे आमची टाकी भर दुपारी साडेबाराला भरते. बायको म्हणाली, नळापेक्षा बरं आहे, निदान रोज भरते.

लेकीला तिकडेच लेक झाली. त्यानंतर तो पडदा आमचा राहिला नाही, माझ्या आईचा झाला.

आईनं ऐंशी कधीच ओलांडलीय. मोतीबिंदू काढलेला, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पडद्यासमोर तिची वेताची खुर्ची. बाराला जेवण, मग झोप, साडेतीनला उठणं आणि चारला चहा. लेक तिकडे सकाळी लेकराला अंघोळ घालून एक फोटो काढते आणि कपाटात टाकते. तेव्हा आमच्याकडे दोन वाजलेले असतात. तिनं पडद्याला शिकवून ठेवलं होतं की चार वाजले की त्या दिवशीचा लेकराचा फोटो आणायचा आणि अर्धा तास दुसरं काही दाखवायचं नाही. आई कपाच्या कडेवरून पणतीकडे बघायची आणि निकाल द्यायची. आज अंग धरायलंय. आज टोपडं उलटं घातलंय तिच्या मायनं. आज नजर लागल्यावानी दिसायलंय, मिठमोहऱ्या उतरायला सांग. जर्मनीत मिठमोहऱ्या उतरल्या की धुराची घंटा वाजते आणि फायर ब्रिगेड येते, असं लेकीनं फोनवर सांगितलं. मग येऊ दे की, आई म्हणाली, चार माणसं तेवढीच बघतील लेकराला.

मी एकदा म्हणालो, चारपर्यंत कशाला थांबतेस, माझ्या फोनवर आलेला असतो फोटो, आत्ता दाखवतो. तर म्हणाली, "तुझ्या फोनात लेकरू गोळीएवढं दिसतंय. आन् ते तुला आलेलं असतंय. भिंतीवर येतंय ते मला येतंय."

तिच्या सगळ्या दिवसात ही एकच गोष्ट बाहेरून येत होती. बाकी गोळ्या, भाजी, माझं बडबडणं, हे सगळं घरातलंच. पुढं जे झालं ते सांगायच्या आधी हे सांगून ठेवतो, म्हणजे माझा मूर्खपणा किती खोल होता याचा अंदाज येईल.

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, आणि तो जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. लेकीचा नवरा तिकडे जर्मनीत, त्यामुळे आमचे जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. पूर्णेला घर, उभी हयात रेल्वेत गेली, आता निवृत्त. जावई वयाच्या बासष्टीतही जावईच असतो, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

दाजी पाटावर बसले ते नेमके पडद्याकडे तोंड करून. तीन धोंडे होईपर्यंत पडद्यावर आमची एक सहल, एक मुंज आणि लेकरू येऊन गेलं. चौथ्याला त्यांचाच फोटो आला. निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात कानापर्यंत हार. दाजींचा घास हातातच राहिला. हे कसं काय हो, त्यांनी विचारलं, आणि मी, ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, उठून उभा राहून सगळं सांगितलं. कपाट, अर्ज, खिडकी, चावी. पाव तास बोललो. बायको मागून तूप वाढता वाढता पुटपुटली की ते जेवायला आलेत, शिकवणीला नाही.

"मेव्हणे," दाजी हात धुताना म्हणाले, "आपल्याकडंबी पाहिजे हे."

चावी कुणाला द्यायची नाही, असं लेक तीनदा सांगून गेली होती. ज्याला हवी त्यानं स्वतःची चावी काढायची, फुकट मिळते, दहा मिनिटांचा फॉर्म आहे. मी दाजींना तेच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. आपलं असताना वेगळी कशाला, ते म्हणाले. आणि वेगळी हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू मी वाटण्या करून भिंत घालायला निघालोय. अक्का पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी आईकडे बघितलं.

"दे की रं," आई म्हणाली. "जावई हायेत. महिना कोणता हाय ते तरी बघ."

मी दिली. नुसती दिली नाही, तर दाजींनी पिशवीतून काढलेल्या टॅबमध्ये चाळीस अक्षरं स्वतःच्या बोटांनी भरून दिली. त्यांनी ती कागदावरही लिहून घेतली, रेल्वेच्या माणसाला सगळ्याची नोंद लागते. निघताना त्यांनी मला खांद्याला धरून सांगितलं की माणूस असावा तर असा. महिनाभर मी त्या वाक्यावर जगलो.

कागद मात्र दाजींकडेच राहिला नाही. आमच्या भावकीत चांगली गोष्ट एका घरात थांबत नाही. पूर्णेहून ती त्यांच्या धाकट्या भावाकडे गेली, तिथून पाथरीला माझ्या चुलतभावाच्या दुकानात, पुढं कुठं कुठं. दोन महिन्यांत सात घरांच्या भिंतींवर तोच अल्बम, तेच फोटो आणि तीच माझी चावी. प्रत्येकजण फोन करून आभार मानायचा. मी विनयानं म्हणायचो, अहो त्यात काय. त्यात काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं.

मग एके दिवशी चारला आई खुर्चीत बसली आणि समोर लेकराच्या जागी दाजी. हारात. पाच वाजले, सहा वाजले, दाजी. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजेच्या वेळी दाजी. कोपऱ्यात बारीक अक्षरात ४२९ असा आकडा. आई म्हणाली, ह्यांचा गाडी नंबर हाय का ते? साडेबारा वाजता दाजी हलले आणि मुंज, पाळणा, सहल वगैरे फोटो धावायला लागले. चारला पुन्हा कुणीतरी गोठलेलं, या वेळी पाथरीच्या भावानं अल्बममध्ये टाकलेलं त्याचं नवं शटर. आई शटरकडे बघत चहा प्यायली.

लेकीला सांगितलं. तिनं तिकडून तपासलं. मग म्हणाली, "बाबा, चावी किती जणांना दिलीत?"

मी म्हणालो, मी एकालाच दिली. जे खरं होतं.

हिशेब साधा निघाला. ४२९ म्हणजे कंपनीच्या भाषेत 'आज बंद, उद्या या'. आमचा पडदा पाच मिनिटांनी एक फोटो मागायचा. दाजींचा पाच सेकंदांनी. तासाला सातशे वीस. फोटो थांबून राहिला की त्यांना गाडी उगाच सिग्नलला उभी असल्यासारखं वाटतं. बाकीच्यांनी दाजींचं बघून तेच लावलेलं. सात घरांनी मिळून पावणेतीनपर्यंत दहा हजार अर्ज संपवायचे, आणि ज्याची चावी तो 'उद्या या' ऐकायचा. ही जागा माझ्या ओळखीची होती, पण मी आजवर तिच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

नवी चावी काढा, लेक म्हणाली, जुनी आपोआप मरेल. पाच मिनिटांचं काम आहे.

मी म्हणालो, बघू.

बघू म्हणजे नाही, हे तिला जन्मापासून माहीत आहे. तिनं दुसरी युक्ती केली. आमच्या पडद्यानं जुने फोटो पुन्हा पुन्हा मागायचे नाहीत, एकदा आणलेले पोटात साठवून ठेवायचे. म्हणजे आम्हाला दिवसाला एकच अर्ज लागणार, सव्वादोनला, लेकराच्या फोटोचा. तो आणून ठेवायचा आणि चारला दाखवायचा. ज्यांच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, ज्यांनी आयुष्यभर टाक्या, पिंपं आणि घागरी भरून ठेवल्या, त्यांना साठवून ठेवायची अक्कल जर्मनीतून यावी, याची मला लाज वाटली. बायकोला वाटली नाही. तिला सवय आहे.

आठवडाभर नीट चाललं. दहा हजारांतला आमचा एक अर्ज सव्वादोनला गुपचूप आत जायचा, आणि आईला चारला लेकरू मिळायचं. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण जबाबदार माणूस आहोत, व्यवस्था लावली पाहिजे. मी भावकीच्या ग्रुपवर एक परिपत्रक टाकलं. विषय, संदर्भ, सगळं घालून. सदर सुविधेची दैनिक मर्यादा दुपारी साडेबारा वाजता पूर्ववत होत असून साधारण पावणेतीनच्या सुमारास संपुष्टात येते, तरी सर्व संबंधितांनी कालव्याच्या पाणीपाळीप्रमाणे आपापल्या वेळेतच पडदे चालू ठेवावेत. खाली सात घरांचं वेळापत्रक. पूर्णा पहिली पाळी, पाथरी दुसरी, आम्ही शेवटी, कारण आपण मोठेपणा दाखवायचा.

सगळ्यांनी अंगठे पाठवले. दोघांनी हात जोडले. एकानं गुलाब पाठवला.

त्यातून झालं एवढंच, की टाकी साडेबाराला भरते हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, ते आता सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या सहाही घरांनी साडेबाराच्या ठोक्याला पडदे चालू केले, संपायच्या आत आपलं बघून घ्यावं म्हणून पाच सेकंदांचे तीन केले, आणि दोनच्या आतच सगळं आटपलं. कालव्याचंही असंच होतं. वेळापत्रक लागलं की वरचे आधी दारं उघडून बसतात. शेवटच्याला ओल येते, पाणी येत नाही. आणि शेवटचा मीच होतो, स्वतःच्या हातानं लिहिलेला.

चारला आई म्हणाली, "हे कालचं लेकरू हाय."

मी म्हणालो, अगं तेच, एका दिवसात काय बदलणार.

चार लेकरं वाढवलेल्या बाईला मी हे सांगत होतो.

मग मी ठरवलं की समोरासमोर बोलायचं. रविवारी सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेलो. गाडीत बसल्या बसल्या वाक्य तयार केलं. दाजी, राग मानू नका, पण आईसाठी तेवढं तीन सेकंदांचं पाच मिनिटं करा. पिंगळी स्टेशन गेलं तेव्हा वाक्य पाठ होतं. पूर्णा आली तेव्हा मी त्यातलं राग मानू नका एवढंच ठेवलं होतं. दाजींच्या दारात पोचेपर्यंत तेही राहिलं नाही.

दाजींनी पडद्याभोवती दिव्यांची माळ लावली होती. शेजारचे दोघे मुद्दाम बोलावलेले. हे आमचे मेव्हणे, दाजी त्यांना म्हणाले, ह्यांनीच दिलं आपल्याला, एका शब्दावर. शेजाऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू विजेचा शोध मीच लावला. अक्कानं भजी तळली. मी दोनदा खाकरलो. तिसऱ्यांदा खाकरलो तेव्हा दाजी आत गेले आणि एक कोरा टॅब घेऊन आले. हा स्वयंपाकघरात लावायचा विचार आहे, म्हणाले, अक्काला पोळ्या करताना दिसावं म्हणून. तुम्ही आलातच आहात तर तेवढं करून द्या.

मी करून दिला. चावी मला आता पाठ झाली होती. तीन सेकंदांचीच वेळ लावली, त्यांनी विचारायच्या आधी.

घरी परतल्यावर बायकोनं विचारलं, बोललात का? मी म्हणालो, बोललो. काय म्हणाले? मी म्हणालो, भजी चांगली होती. तिनं जेवण वाढलं, पण ताट माझ्यासमोर ठेवताना आवाज केला.

त्यानंतर चारेक दिवसांनी, दुपारी मी जेवायला घरी आलेलो असताना, अक्काचा फोन आला. आई नुकतीच आडवी होत होती. फोन मी तिच्या कानाला लावला. अक्का एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. माय, दात आला गं लेकराला. खालचा. आत्ता स्वयंपाकघरात दिसला मला, पोळी लाटता लाटता. त्या दिवशी जर्मनीत अंघोळ लवकर आटपलेली असणार, आणि टाकीत जे शेवटचं शे-दोनशे उरलं होतं ते पूर्णेच्या पोळपाटावर सांडलं.

आईनं बरं बरं म्हटलं. चारला ती उठली. पडद्यावर आदल्या दिवशीचं लेकरू, तोंड मिटलेलं. आईनं खुर्ची उचलता येत नाही म्हणून ढकलत ढकलत फिरवली आणि पाठ पडद्याकडे करून बसली. चहा तसाच घेतला, खिडकीकडे तोंड करून. हे मला बायकोनं संध्याकाळी सांगितलं. मी आईजवळ गेलो. खुर्ची सरळ करू का असं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "दात आपल्या लेकराचा, आन् बघितला पूर्णेनं. शेजारपाजाऱ्यांनीबी बघितला असंल. आता मी काय बघू, कालचं?"

आवाज चढला नव्हता. आईचा आवाज चढतो तेव्हा मला बरं वाटतं, काहीतरी उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नवी चावी काढली. लेकीनं पाच मिनिटं सांगितली होती, मला चार लागली. इतक्या दिवसांचं ओझं चार मिनिटांचं निघालं की माणसाला हलकं वाटायला हवं. मला घाम फुटला. कारण अर्ध्या तासात ग्रुप खणखणायला लागला. आमचं बंद पडलं. आमचंबी. पाथरीचा भाऊ म्हणाला, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्यासमोर इज्जत गेली. सगळ्यांनी मला विचारलं, काय झालं?

खरं लिहायला मी तीनदा सुरुवात केली. चौथ्यांदा लिहिलं की कंपनीनं ही सुविधा सगळीकडेच बंद केली आहे, आपला नाइलाज आहे. लगेच कंपनीला शिव्या पडल्या. ह्या परदेशी लोकांचं असंच असतं. आधी नाद लावायचा मग अडवायचं. मीही दोन शब्द कंपनीविरुद्ध लिहिले, कडक. चारला आईला त्या दिवशीचं लेकरू मिळालं. तिनं खुर्ची स्वतः फिरवून घेतली होती. तीन दिवस आमच्या घरात सगळे समाधानी होते, आणि मी तर विशेष. खिडकी बंद केली, आणि बंद करणारा दिसलाही नाही. नोकरीत जे तीस वर्षांत साधलं नव्हतं ते घरात साधलं.

रविवारी सव्वातीनला दारात रिक्षा थांबली. दाजी उतरले, एकटेच. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन्ही टॅब. कंपनीनं बंद केलं म्हणता, पण तुम्ही काहीतरी कराल याची खात्री आहे, असं ते फाटकातूनच म्हणायला लागले.

मी कसा धावलो ते बायको अजून लोकांना करून दाखवते. फाटक ते दार एवढ्या वेळात मी हॉलमध्ये पोचलो आणि चपलांच्या रॅकमागचा प्लग उपसला. पडदा काळा झाला. दाजी आत आले तेव्हा मी रॅकपाशी वाकून चपला लावत होतो.

ते पाणी प्यायले, बसले, भिंतीकडे बघून हळहळले. "तुमचाबी गेला म्हणा की."

"गेला," मी म्हणालो.

"एवढं चांगलं होतं. बिनकामाचे लोक."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. ती एका शब्दानं मला सोडवू शकली असती, किंवा उघडं पाडू शकली असती. ती चहा ठेवायला आत गेली.

साडेतीनला आई उठली. जावईबापू कधी आलात, असं विचारून, डोक्यावरचा पदर सारखा करून खुर्चीत बसली. समोर काळा पडदा. तिला वाटलं अजून चार व्हायचेत. दाजी कंपनीबद्दल बोलत होते, आई पडद्याकडे बघत होती. चहा आला. चहा आला म्हणजे चार, हे तिचं घड्याळ. तिनं कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"लाइट गेली का रं?"

डोक्यावर पंखा फिरत होता.

"सकाळी तर चालू होता," आई दाजींना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. रागानं नव्हे. खिडकीवर माणसं कशी बघतात ते मला माहीत आहे. आतला माणूस मान वर करील म्हणून थांबलेली असतात, घाई करत नाहीत, कारण घाई केली तर तो चिडेल. इतकी वर्षं तशा नजरेसमोर मी मान खाली घालून कागद चाळले आहेत. आईच्या चहावर साय धरायला लागली होती.

मी उठलो, रॅकमागं हात घातला आणि प्लग लावला.

असल्या गोष्टी चटकन झाल्या तर माणसाची तेवढीच सुटका होते. पण त्या डबीला जागं व्हायला तीन मिनिटं लागतात. आधी एक निळा ठिपका गोल फिरतो. मग घराचं चित्र येतं. मग पुन्हा ठिपका. ती तीन मिनिटं आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत बसलो. दाजी उठून पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला. आणि फोटो आला.

"चालू हाय की हो हे," दाजी म्हणाले.

"चावी मी बदलली," मी म्हणालो. "कंपनीनं काही केलेलं नाही. सगळ्यांचं मिळून दोनच्या आत संपायचं, आईला मिळत नव्हतं. मला सांगायला जमलं नाही."

बोलता बोलता मी पूर्णेचंही सांगितलं, कशासाठी आलो होतो आणि काय करून आलो. दाजी माझ्याकडे वळले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रिक्षा गेली नसती तर ते निघालेच असते असं मला अजून वाटतं. रेल्वेतल्या माणसाला मी खोटा सिग्नल दिला होता.

"भजी खाऊन गेलात तुमी माझ्या घरची," ते म्हणाले. "मांडीला मांडी लावून बसलात. तवा तोंड कुठं होतं तुमचं? पाच मिनिटाला एक लावा म्हणला असता, तर मी काय चावी खाऊन टाकली असती का, मेव्हणे? आं? आमाला काय माणूस न्हाई समजत का तुमी?"

मला वाटलं होतं की मी त्यांचा मान राखतोय. प्रत्यक्षात मी धरून चाललो होतो की त्यांना आईपेक्षा तीन सेकंद प्यारे असतील. आणि हे त्यांना न विचारताच ठरवलं होतं. भिडस्त माणूस समोरच्याबद्दल किती वाईट विचार करून बसलेला असतो, हे त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही.

ते अजून बोलणार होते. हात वर गेला होता. तेवढ्यात खुर्चीतून आईचा आवाज आला.

"जावईबापू, जरा सरका. दिसंना गेलंय."

पस्तीस वर्षांत आईनं त्यांना सरका म्हटलं नव्हतं. पाट मांडला होता, पंखा फिरवून दिला होता. दाजींनी तोंड मिटलं, मागं बघितलं, आपण नेमके फोटोसमोर उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते भिंतीला लागून बाजूला झाले. उभं कुठं राहावं ते न कळून शेवटी आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

फोटो काही खास नव्हता. लेकरू पाठमोरं होतं. निळी सतरंजी, तिच्यावर जावळाचं डोकं, मागून दिसणारे दोन कान. लेकीनं चेहऱ्याचा तरी काढायचा होता, असं माझ्या मनात आलं.

आई पुढं वाकली. बराच वेळ बघितलं. मग कप खाली ठेवला आणि दाजींच्या खांद्यावर हात टेकून आणखी थोडं पुढं सरकली.

"बसायलंय," ती म्हणाली. "बघा, कुणी धरलं न्हाई. आपलं आपण बसायलंय."